चाकांवरील घर आणि गांवचा नळ

घर म्हटलें कीं पाणी आलेंच. भिंती मातीच्या असोत किंवा दगडाच्या, छप्पर गवताचें असो वा कौलांचें. जेथें पिण्यास, रांधण्यास आणि धुण्यास पाणी नाहीं, तें ठिकाण फार तर निवारा होईल, घर होणार नाहीं. मग जें घर आज एका गांवीं व उद्यां दुसऱ्या गांवीं असतें, ज्याला पाया नसून चाकें आहेत, त्या घराला पाणी कोठून व कसें मिळत असेल? हा प्रश्न वरवर पाहतां केवळ मौजेचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें असतां पाण्याचा दाब, झडपांची रचना आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही विषयांचा पाठ आपोआप मिळतो. म्हणून इंग्लंडांतील फिरत्या घरांना गांवचा नळ कसा जोडतात व जोडतांना कोणती काळजी घ्यावी लागते, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

‘कॅरव्हान’ हा शब्द ऐकतांच वाळवंटांतून चाललेली उंटांची रांग आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. आणि त्या शब्दाचा मूळ फारसी अर्थहि तसाच आहे. इंग्लंडांत मात्र मोटारीमागें जोडून ओढून न्यावयाच्या लहानशा घराला हें नांव पडलें आहे. प्रवासाच्या हौसेखातर असें घर मुद्दाम बांधून घेणारांत विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचें नांव अग्रभागीं घेतात. हे आरमारांत नोकरी केलेले डॉक्टर असून पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहिणारे लेखक म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनीं १८८५ सालीं ब्रिस्टल येथील एका कारखान्यांत घोड्यांनीं ओढावयाची एक गाडी करवून घेतली, तिला ‘वाँडरर’ म्हणजे ‘भटक्या’ असें नांव दिलें, आणि तींतून ते इंग्लंडपासून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. १९०७ सालीं अशा प्रवाशांचा एक क्लबहि स्थापन झाला. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा मोटारीनें घेतली. आजच्या कॅरव्हानमध्यें बिछाने, चूल, भांडीं घासण्याची मोरी, स्नानाची कोठडी, शौचपात्र, इतकेंच नव्हे तर पाणी तापविण्याचें यंत्रहि असतें.

अशा घरांत पाणी येण्याची नेहमींची तऱ्हा मोठी सुटसुटीत आहे. कॅरव्हान ज्या तळावर उभ्या करतात, त्या तळावर एखादा सामाईक नळ असतो. प्रवासी आपलें प्लॅस्टिकचें पिंप तेथें नेऊन भरतो. हें पिंप आडवें केलें म्हणजे रुळासारखें गडगडतें, आणि त्याच्या दोन्ही टोंकांस अडकविलेल्या दांडीनें तें ओढीत नेतां येतें. त्यांत साधारणतः ४० लिटर पाणी मावतें, म्हणजे भरल्यावर त्याचें वजन ४० किलोग्रॅमहून अधिक होतें. एवढें ओझें हातांनीं उचलून नेणें कोणासहि सुखाचें नाहीं. गडगडत नेणें मात्र शाळेंतील मुलालाहि साधतें. घराजवळ आल्यावर पिंप उभें करतात व त्याच्या तोंडांतून एक लहानसा विजेचा पंप आंत सोडतात. हा पंप मोटारीच्या दिव्यांप्रमाणें १२ व्होल्टच्या विजेवर चालतो. घरांतील तोटी उघडली कीं पंप सुरू होतो व पाणी नळ्यांतून वर चढतें. तोटी बंद केली कीं पंपहि थांबतो. वापरलेलें पाणी दुसऱ्या एका पात्रांत सांठतें, व तें पात्र नेमून दिलेल्या मोरीवर नेऊन ओतावें लागतें.

परंतु चार माणसांच्या कुटुंबानें स्नान करावयाचें ठरविलें, म्हणजे ४० लिटर पाणी किती वेळ पुरणार? पाऊस पडत असतांना किंवा अंधारांत पिंप घेऊन पुनः पुनः नळावर जाणें कंटाळवाणें होतें. म्हणून कांहीं तळांवर प्रत्येक कॅरव्हानच्या जागेला स्वतंत्र नळ, स्वतंत्र मोरी आणि विजेची जोडणी देतात. जागेशेजारीं नळ आहे, घरांतहि नळ्या आहेत; मग मध्यें एक रबरी नळी लावली म्हणजे काम झालें, असें कोणासहि वाटेल. पण येथेंच क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. कारण या साध्या दिसणाऱ्या जोडणींत दोन धोके दडलेले आहेत. एक धोका गांवच्या नळापासून घराला आहे, व दुसरा घरापासून गांवच्या नळाला आहे.

पहिला धोका दाबाचा. पाण्याचा दाब ‘बार’ या मापानें मोजतात. सुमारें १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशीं जितका दाब देतो, तितका दाब म्हणजे स्थूलमानानें १ बार होय. आणि १ बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारें १ किलोग्रॅमचा भार. गांवच्या नळांतील दाब ठिकठिकाणीं निराळा असतो. परंतु ३ किंवा ४ बार दाब ही इंग्लंडांत नवलाची गोष्ट नाहीं. याचा अर्थ असा कीं, तोटी बंद असतां नळीच्या आंतल्या अंगावर ३० ते ४० मीटर उंच पाण्याचा भार सतत पडत असतो. पक्क्या घरांतील नळ हा भार सहज सोसतात. फिरत्या घराच्या नळ्या मात्र प्लॅस्टिकच्या असतात व सांधे बहुधा नुसते दाबून बसविलेले असतात. शिवाय, सारी रचना एका लहानशा पंपाच्या सौम्य दाबाकरितां आंखलेली, आणि त्यांत रस्त्यावरील हादऱ्यांची भर. अशा घरांत पाणी तापविण्याचें जें पात्र असतें, त्याच्या एका सर्वत्र प्रचलित जातीस २.८ बारहून अधिक दाब लागूं देऊं नये, असें तें बनविणारे कारखानदारच बजावतात. तेव्हां गांवचा नळ सरळ जोडल्यास काय होईल हें सांगावयास नको. एखादा सांधा सुटेल, आणि बिछान्याखालीं किंवा लांकडी जमिनीखालीं पाणी मुरत राहील.

कोणी म्हणेल, “नळ थोडासाच सोडावा, म्हणजे दाबहि थोडाच येईल.” ही समजूत चुकीची आहे, आणि ती कां चुकीची हें विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. तोटी अर्धवट उघडली असतां प्रवाह कमी होतो, आणि पाणी वाहत असेपर्यंत तोटीच्या पुढील दाबहि कमी राहतो, हें खरें. परंतु घरांतील सर्व तोट्या बंद केल्या म्हणजे प्रवाह थांबतो. आणि कोंडलेल्या स्थिर पाण्यांत दाब सर्व बाजूंस सारखा पोहोंचतो, हा पास्कलचा सिद्धांत आपण शाळेंत शिकतों. वाट कितीहि अरुंद असली तरी थोड्याच वेळांत गांवच्या नळाचा सगळा दाब घराच्या नळ्यांत येऊन बसतो. म्हणजे खरा धोका तोट्या उघड्या असतांना नसून त्या बंद असतांना आहे. आणि रात्रीं, जेव्हां गांवांत पाण्याचा वापर कमी होऊन नळांतील दाब वाढतो व घरांतील सर्व माणसें निजलेलीं असतात, तेव्हां तो अधिक आहे.

हा धोका टाळण्याच्या दोन पद्धति प्रचारांत आहेत.

पहिली पद्धति अशी कीं, गांवचें पाणी घरांत न आणतां पिंपांतच आणावयाचें. पिंपाच्या तोंडांत एक तरंगती झडप बसवितात. आपल्या घरांवरील टाकींत जो बॉलकॉक असतो, त्याचेंच हें लहान रूप होय. पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो. पिंप भरत आलें म्हणजे पाणी त्याला वर उचलतें, आणि गोळ्याला जोडलेला दांडा झडप दाबून बंद करतो. पंपानें पाणी उपसलें कीं पातळी खालीं जाते, गोळा उतरतो, झडप उघडते, व पिंप पुनः भरूं लागतें. येथें आर्किमिडीजचा तरणाचा नियम आणि तरफेचा नियम हे दोन्ही एकत्र काम करीत असतात. दांडा लांब असल्यामुळें गोळ्याचा हलकासा रेटा झडपेपाशीं मोठा होतो, व गांवच्या नळाचा दाब थोपवून धरतो. या पद्धतीचा मोठा गुण असा कीं, पिंप हवेला खुलें असल्यामुळें गांवच्या नळाचा दाब त्याच्या पलीकडे जाऊंच शकत नाहीं. घरांतील नळ्यांना पूर्वींप्रमाणेंच केवळ पंपाचा दाब लागतो. गोळा कदाचित् अडकून बसला, तर पिंप भरून वाहील व शेजारचें गवत भिजेल. घराची हानि होणार नाहीं.

दुसऱ्या पद्धतींत पिंप व पंप दोन्ही बाजूस ठेवून नळाचें पाणी सरळ घरांत घेतात, परंतु वाटेंत दाब कमी करणारी झडप बसवितात. या झडपेंत एक लवचिक पडदा असतो. त्याच्या एका अंगास स्प्रिंग रेटा देते व दुसऱ्या अंगास घराकडील पाणी रेटा देतें. घराकडील दाब ठराविक मर्यादेस पोहोंचला कीं पाण्याचा रेटा स्प्रिंगला भारी पडतो व वाट बंद होते. तोटी उघडून दाब उतरला कीं स्प्रिंग पडद्याला ढकलून वाट पुनः मोकळी करते. अर्धवट उघडलेली तोटी आणि ही झडप यांतील भेद येथें स्पष्ट होतो. तोटी केवळ वाट अरुंद करते. झडप पलीकडील दाब पाहून वाट उघडते वा मिटते. अशा रीतीनें ३ किंवा ४ बारच्या ठिकाणीं साधारणतः १ ते १.५ बार इतकाच दाब घरांत येतो. ही पद्धति सोयीची खरी. पंपाचा आवाज नाहीं, पिंपाची अडचण नाहीं. तथापि तिच्यांत एक उणीव आहे. घरांत एखादा सांधा गळूं लागला, तर पहिल्या पद्धतींत पंप बंद केला कीं गळणें बहुधा थांबतें. परंतु या पद्धतींत गांवचें सारें पाणी मागें उभें असतें, व कोणी तोटी बंद करीपर्यंत तें थांबत नाहीं. म्हणून घर सोडून फिरावयास जातांना जमिनीजवळील तोटी बंद करावी, हा नियम या पद्धतीच्या लोकांनीं कधींहि विसरूं नये.

आतां दुसरा धोका. हा अधिक गंभीर आहे, कारण तो एका कुटुंबापुरता राहत नाहीं. नळांतील पाणी नेहमीं आपल्याकडेच येतें, तें उलट जाणार नाहीं, असें आपण गृहीत धरतों. परंतु पाण्याला दिशा ठाऊक नाहीं. तें अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जातें, एवढेंच त्याला ठाऊक आहे. समजा, रस्त्यावरील मुख्य नळ फुटला, किंवा आगीचा बंब मुख्य नळांतून फार पाणी ओढूं लागला. अशा वेळीं नळांतील दाब एकाएकीं उतरतो, व कधीं कधीं बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षांहि कमी होतो. त्याच वेळीं एखाद्या तोटीला लावलेल्या रबरी नळीचें टोंक घाण पाण्याच्या बादलींत बुडालेलें असेल, तर हवेचा दाब बादलींतील पाणी उलट नळींत ढकलतो, आणि तें पाणी मुख्य नळांत जाऊन पोहोंचतें. पुढें दाब पूर्ववत् झाला म्हणजे तेंच पाणी शेजाऱ्याच्या पेल्यांत येतें. याखेरीज उलट दाबाचाहि प्रकार आहे. पाणी तापलें म्हणजे प्रसरण पावतें, व आडवें कांहीं नसल्यास घरांतील कोमट, शिळें पाणी मागें सरकून नळांत शिरूं शकतें.

ही केवळ कल्पनेंतली भीति नव्हे. १९३३ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें होतें, व देशोदेशींचे लोक तेथील हॉटेलांत उतरले होते. त्यांच्यांत आमांशाची भयंकर सांथ उद्भवली. सुमारें १,४०० लोक आजारी पडले आणि ९८ लोक मृत्यु पावले. पाहुणे आपापल्या गांवीं परतल्यावर त्यांना रोगानें गांठल्यामुळें सांथीचें मूळ शोधणें कठीण झालें. शेवटीं असें आढळून आलें कीं, हॉटेलांतील नळांच्या सदोष जोडण्यांमुळें मैलापाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळत होतें. ज्यांनीं त्या जोडण्या केल्या, त्यांच्या मनांत कोणाचें वाईट करण्याचा हेतु नव्हता. पाणी उलट वाहूं शकतें, इकडे लक्ष गेलें नाहीं, एवढेंच.

अशा अनुभवांतून निरनिराळ्या देशांनीं कायदे केले. इंग्लंड व वेल्समध्यें पाण्याच्या जोडण्यांविषयीं १९९९ चे नियम लागू आहेत. त्यांत पाण्याचे शुद्धाशुद्धतेच्या दृष्टीनें पांच वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गांत पिण्याचें शुद्ध पाणी येतें, तर पांचव्यांत मैलापाण्यासारखें आरोग्यास अत्यंत घातक पाणी येतें. धोका जितका मोठा, तितकें संरक्षण अधिक. घरगुती बागेंतील तोटीला नळी लावावयाची असल्यास तेथें दुहेरी एकमार्गी झडप असावी लागते. एकमार्गी झडप पाण्याला पुढें जाऊं देते, मागें येऊं देत नाहीं. ती दुहेरी असण्याचें कारण असें कीं, वाळूचा एखादा कण अडकून एक झडप उघडी राहिली, तरी दुसरीनें काम भागावें. कॅरव्हानच्या जोडणींतहि अशी झडप असली पाहिजे.

परंतु सर्वांत भरंवशाचें संरक्षण झडपेचें नसून मोकळ्या हवेचें आहे. पाणी सोडणाऱ्या नळीचें तोंड पिंपांतील पाण्याच्या सर्वांत उंच पातळीच्याहि वर राहिलें, तर दाब कितीहि उतरो, नळी हवाच ओढील. पाण्याला हवेंतून उडी मारून वर चढतां येत नाहीं. झडप झिजते, स्प्रिंग गंजते. हवेचें अंतर मात्र झिजत नाहीं व गंजतहि नाहीं. पिंपाच्या पद्धतींत ही सोय साधणें सुलभ असतें, आणि माझ्या मतें तिच्या बाजूचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीचा क्रम सांगतों. नळी पिण्याच्या पाण्याकरितां म्हणून विकली जाणारीच घ्यावी. बागेची साधी नळी पाण्यास वास व चव आणते. ऋतूच्या आरंभीं पिंप व नळी जंतुनाशक द्रवानें धुवून स्वच्छ पाण्यानें खळखळून घ्यावी. तळावरील तोटीचें तोंड पुसावें, व नळी जोडण्यापूर्वीं तोटी थोडा वेळ वाहूं द्यावी, म्हणजे आंत सांचलेलें पाणी निघून जाईल. मग नळी तोटीला जोडून तींतूनहि कांहीं पाणी जाऊं द्यावें, आणि त्यानंतरच तिचें दुसरें टोंक पिंपाच्या झडपेला अथवा दाब कमी करणाऱ्या झडपेला लावावें. नळीचें मोकळें टोंक जमिनीवर किंवा चिखलांत पडूं देऊं नये. तोटी सावकाश उघडावी व प्रत्येक सांधा हात लावून पाहावा. सर्व नीट असल्यास घरांतील तोट्या एकेक करून उघडाव्या, म्हणजे नळ्यांतील हवा निघून जाईल.

उन्हांत पडलेल्या नळींतील पाणी कोमट होतें, व २० ते ४५ अंश सेल्सिअस उष्णतेंत कांहीं रोगजंतु जोमानें वाढतात. म्हणून नळी शक्य तों सावलींत ठेवावी, आणि सकाळीं पहिलें पाणी पिण्यास न घेतां सोडून द्यावें. थंडीची गोष्ट याच्या उलट आहे. पाणी गोठतांना सुमारें शेंकडा ९ इतकें फुगतें, व त्या जोरानें नळ्या व झडपा फुटतात. यासाठीं इंग्लंडांत हिंवाळा लागण्यापूर्वीं फिरत्या घरांतील सर्व पाणी काढून टाकतात.

येथें एखादा विद्यार्थी विचारील, “आमच्याकडे अशीं घरें कोठें आहेत?” घरें थोडीं असतील, परंतु नळ आहेत, आणि नियम तेच आहेत. विहार तलावाचें पाणी नळांनीं मुंबईस आलें त्या १८६० सालापासून नळाच्या पाण्याची राहणी आपल्याकडे पसरत गेली आहे. आपल्या पुष्कळ शहरांत पाणी दिवसांतून कांहीं ठराविक वेळच सोडतात, व उरलेल्या वेळीं नळ रिकामे राहतात. म्हणजे इंग्लंडांत जो प्रसंग क्वचित् येतो, तो आपल्याकडे रोज येतो. रिकाम्या नळाला जेथें फट असेल तेथून बाहेरचें पाणी आंत शिरतें. आणि अशा स्थितींत कोणी नळाला परस्पर मोटर लावून पाणी ओढूं लागला, तर तो आपल्या शेजाऱ्यांचें पाणी तर नेतोच, शिवाय गटारांतील पाण्यालाहि वाट करून देतो. पुष्कळ नगरपालिकांनीं या गोष्टीस मनाई केली आहे, ती उगीच नव्हे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, या सुटींत आपापल्या घरीं तीन गोष्टी पाहा. टाकींतील बॉलकॉकचें तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीच्या वर आहे कीं नाहीं? न्हाणीघरांतील नळाला लावलेली रबरी नळी बादलींत बुडालेली राहते काय? टाकीचें झांकण घट्ट बसतें काय? दोष आढळल्यास वडील माणसांच्या नजरेस आणून द्या. आणि पालकांनींहि मुलांचें हें सांगणें थट्टेवारी नेऊं नये. बुडालेली नळी बादलीबाहेर काढण्यास पैसा लागत नाहीं. आपला नळ दुसऱ्या कोणाच्या तरी पेल्यापर्यंत गेलेला आहे, एवढी आठवण प्रत्येक घरानें ठेवली, तर घर चाकांवर असो वा दगडी पायावर, त्याचें पाणी स्वतःस व शेजाऱ्यास सारखेंच सुखकर होईल.